रक्तासाठी सोडलेलं गाव

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी फाट्यावर इतकी माणसं जमली होती की कंडक्टरला वाटलं वऱ्हाड चाललंय. "बसणार किती?" तो वैतागून ओरडला. बसणारे आम्ही तिघंच. मी, आमचे हे, आणि माझ्या कडेवर पाच वर्षांचा योगेश. एरवी एवढं मोठं पोर कडेवर घेतलं की आमच्या गावातल्या बायका टोमणा मारल्याशिवाय राहत नाहीत. त्या दिवशी कुणी मारला नाही. योगूला रक्त चढवून महिना होत आला होता. ओठ पांढरेफटक, दहा पावलं चालला की धाप. शहाऐंशी सालचा उन्हाळा होता. रावेरकडच्या केळीच्या बागांमधून बस निघायच्या आधी सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, खिडकीतून हात घालून योगूच्या डोक्यावर ठेवला आणि ह्यांना म्हणाले, "पोरगं बरं झालं की लगेच या. बागेचं मी पाहतो तोवर." तोवर! आबांना वाटत होतं, टायफॉइडसारखं काहीतरी असेल, चार-सहा महिने औषधपाणी केलं की संपलं. दुसऱ्याला कशाला हसू, मलाही तसंच वाटत होतं. मी तर उन्हाळ्याचे पापड अर्धेच करून ठेवले होते, उरलेले आल्यावर करू म्हणून.

योगू सहा महिन्यांचा होईपर्यंत चांगला गुटगुटीत होता. मग हळूहळू फिकट पडत गेला. दूध पिता पिताच झोपायचा, हातपाय काड्या आणि पोट तेवढं टम्म. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाचं औषध दिलं, इंजेक्शनं दिली. पुढे जळगावला तपासण्या झाल्या तेव्हा थॅलेसेमिया हे नाव कळलं. अंगात रक्त नीट तयारच होत नाही, दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागेल, असं सांगितलं. आणखीही बरंच सांगितलं असेल. आमच्या कानात एकच बसलं होतं, रक्त कमी आहे.

आणि रक्त कमी आहे म्हटल्यावर आत्याबाईंनी पदर खोचला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि माझ्या वडिलांची सख्खी बहीणही त्याच. "माह्या नातवाले रगत कमी? मी जिती असताना?" असं म्हणून त्या थेट लोहाराकडे गेल्या आणि योगूपुरती एक लहानशी लोखंडी कढई करवून आणली. पोराची भाजी त्या कढईत, वरण त्या कढईत. पालक त्यात काळाकुट्ट व्हायचा. पळी चुलीत लाल तापवून त्याच्या पिण्याच्या पाण्यात चर्रकन विझवायची. शिवाय खजूर, काळ्या मनुका, तीळगुळाचे लाडू. पोरगं तोंड फिरवायचं, रडायचं. मी त्याचे हात धरायची आणि आत्याबाई घास कोंबायच्या. गिळला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो. ते आमचं हसणं आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

जळगाव जवळ होतं, पण ह्या आजाराची बरीच मुलं बघितलेले एक डॉक्टर धुळ्याला आहेत असं कळलं आणि ह्यांच्या एका मित्राने देवपुरात खोली बघून दिली. पांझरा नदीच्या पलीकडे, एका गल्लीच्या टोकाला. एक खोली, पुढे बोळवजा पडवी. केळीच्या बागेचा मालक असलेला माणूस मार्केटयार्डात दुसऱ्याच्या दुकानी सरकी-पेंडीची पोती मोजायला लागला. मी काही म्हटलं की ते म्हणायचे, "पोती मोजायला काय लागतं, आकडे तर येतात ना मला." शेजारी अक्का राहायची, पन्नाशीची, मोठ्या आवाजाची. पहिल्याच दिवशी दारात येऊन ती म्हणाली, "काय व बहीन, पोऱ्या असा काबर शे?" मला वाटलं भांडायलाच आली. ती फक्त विचारत होती, पोरगं असं का दिसतंय. जिल्हा शेजारचा, पण आमचं बोलणं वेगळं आणि तिचं वेगळं. ती रागावते कधी आणि माया करते कधी, हे कळायला मला वर्ष लागलं. योगूला महिनाही लागला नाही. तो तिच्याशी तिच्याच बोलीत बोलायचा आणि मी चुकले की हसायचा.

कढई मी धुळ्याला बरोबर आणली होती, हे वेगळं सांगायला नको. तिसऱ्या की चौथ्या खेपेला डॉक्टरांनी सहज विचारलं, "काय काय खातो हा?" मी तयारीतच होते. कढईपासून लाडवापर्यंत सगळं घडाघडा सांगितलं, पळी विझवायचं तर हात करून दाखवलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, हे सगळं आजपासून बंद. याच्या अंगात लोह कमी नाही, जास्त आहे. रक्त चढवतो त्यातून ते येतं आणि त्याला बाहेर जायला वाट नाही. ते काळजात, यकृतात साठत जातं." मी विचारलं, "म्हणजे आम्ही चार वर्षं त्याला..." ते चांगले होते बिचारे. म्हणाले, "तुमच्या खाण्याने त्यामानाने थोडं झालं असेल. मुख्य साठतं ते रक्तातूनच."

मला धीर यावा म्हणून त्यांनी तसं सांगितलं, पण घरी येताना पुलावर मी कठडा धरून उभी राहिले. रक्त नाही दिलं तर पोर महिन्याभरात जातं, आणि दिलं तर तेच रक्त त्याला थोडं थोडं मारतं. मग आईने करायचं काय? लोह बाहेर काढायचं एक औषध होतं, मुंबईहून आणावं लागायचं, पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून तासन्‌तास थेंब थेंब सोडायचं. ह्यांनी जमेल तेव्हा आणलं. बारा महिने देणं आम्हाला झेपलं नाही. याच्यावर मला जास्त लिहवत नाही.

आत्याबाईंना हे सांगायचं कुणी? ह्यांनी तोंड फिरवलं, मलाही हिंमत झाली नाही. गावाकडून जो कुणी धुळ्याला येई त्याच्या हाती लाडवांचा डबा येतच राहिला. सुमन, तू माझी धाकटी जाऊ, तो डबा फडक्यात बांधून द्यायचीस तू. आता सांगते, रागावू नकोस. ते लाडू गल्लीतल्या पोरांनी खाल्ले. योगूच्या हातावर मी चिमूटभर ठेवायची, आजीने पाठवलंय म्हणून. रिकामा डबा परत जायचा आणि आत्याबाई ओट्यावर बसून सांगायच्या, "माह्या लाडवावर तगलं पोरगं." दहा वर्षांपूर्वी त्या गेल्या, तोवर त्यांना तेच खरं वाटत होतं. राहू दे म्हटलं.

दुसरी गोष्ट त्यांना सांगणं भाग पडलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, "तुम्ही दोघं नात्यातले का?" तर आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "हो, मामाचीच मुलगी केलीय." आणि तेही अगदी ऐटीत! आमच्याकडे मामाची मुलगी सून म्हणून आणायची हौस केवढी, माझी हळद लागली तेव्हा आत्याबाई मांडवात सांगत फिरत होत्या की घरचं माणूस घरात येतंय. डॉक्टरांनी कागदावर दोन गोल काढून समजावलं. आजाराचा अर्धा अर्धा वाटा दोघांकडून आला की मूल असं होतं. आपल्याला स्वतःला काही होत नाही, त्यामुळे पत्ताच लागत नाही. एकाच घराण्यातली दोघं असली की असा वाटा दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. आम्हीच येताना रिक्षात एकमेकांकडे बघायचं टाळलं.

गावात ही बातमी गेली तशी कुजबूज सुरू झाली, सुनेच्या रक्तात खोट आहे म्हणून. सासू म्हणून आत्याबाईंना दोन शब्द बोलायला हरकत नव्हती, चार बायका तर वाटच बघत होत्या. पण मला बोल लावायचा तर तो त्यांच्याच बापाच्या घराला लागणार. माझं माहेर तेच त्यांचं माहेर. पुढच्या सणाला मी गावी गेले तर त्या नुसती माझी वेणी घालत बसल्या. एवढी ओढून घातली की डोकं दुखलं. मग हळूच म्हणाल्या, "मीच तुले आणलं माय." मला त्यांचा राग यायला हवा होता. रडू आलं.

दुसऱ्या मुलाचा विषय सगळ्यांनी काढला. अक्का, माझी आई, डॉक्टरांकडच्या बायकासुद्धा. चारात एक असंच होऊ शकतं, तीन बरी निघू शकतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही नवरा-बायको त्यावर एकदाही धड बोललो नाही. एके दिवशी ह्यांनी आपली वळकटी उचलली आणि पडवीत नेऊन टाकली. आत उकडतं म्हणाले. ते दिवस थंडीचे होते. मी पांघरूण नेऊन दिलं आणि आत आले.

रक्ताचं सांगते. बाटलीच्या बदल्यात रक्त देणारं माणूस आणायला लागायचं. पहिल्या वेळी आपल्या गावातून जीप भरून माणसं आली. आठ-नऊ जण, धुतलेली टोपी, येताना केळीचे घड. अक्का म्हणाली, "बठ्ठा गाव उतरना की काय!" दुसऱ्या वर्षी तिघं आले. मग पेरणी, कापूस, लग्नसराई, पाठीत चमक. खरी गोष्ट अशी की रक्त दिलं की कष्टाची ताकद जाते, असं घराघरात म्हणत होते. बायका नवऱ्यांना सोडेनात. मी तुम्हाला नावं ठेवत नाही, मीसुद्धा गावात असते तर ह्यांना सोडलं नसतं. पण तेव्हा फार शिव्या घातल्या मनातल्या मनात, एकेकाचं नाव घेऊन.

माणसाने एकदा दिलं की तीन महिने थांबायचं असतं. ह्यांनी काय केलं, तर तारीख खोटी सांगून महिन्याभरातच पुन्हा हात पुढे केला, आणि दुसऱ्या दिवशी पोत्यांमध्ये भोवळ येऊन पडले. त्यानंतर मी लाज सोडली. मी, जिने गावात कधी वाण्याकडे वाटीभर साखर मागितली नाही, ती देवपुरात दारोदार जाऊन विचारायला लागले, "तुमचं बी पॉझिटिव्ह आहे का हो?" कॉलेजची मुलं, मास्तर, पिठाची गिरणीवाला. कुणी दार लावून घ्यायचं. कुणी म्हणायचं, "वहिनी, चला." भटूभाऊ नावाचे एक रिक्षावाले तर दर तीन महिन्यांनी ठरल्या तारखेला आपण होऊन दारात उभे राहायचे. रक्त देऊन झालं की आम्हाला रिक्षानेच घरी सोडायचे, मीटर न टाकता.

योगू हुशार होता. आईने म्हणायचं म्हणून म्हणत नाही, शाळेत महिन्यातून आठवडाभर नसायचा तरी गणितात पुढे. ज्याचं रक्त मिळेल त्याच्यावरून थट्टा करायचा. "आई, आज भटूभाऊ भरलेत माझ्यात, मला रिक्षा चालवावीशी वाटतेय." मास्तरांचं चढलं की म्हणायचा, "आता मी तुलाच छडी मारणार." आम्ही हसायचो. मग तारीख जवळ आली की तो गप्प होत जायचा, आणि आम्हीही. चौदा वर्षांचा झाला तरी दिसायला नऊचा. रंग काळपट होत गेला. आरशात बघून एकदा विचारलं त्याने, "लोखंड दिसायला लागलं का गं?" मी म्हटलं, उन्हात खेळतोस म्हणून. ऊन कुठलं, चार पावलांवर बसून इतरांचं क्रिकेट बघायचा पोरगा.

पंच्याण्णवच्या थंडीत त्याचं काळीज थकलं. पायांवर सूज. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की आता दवाखान्यात ठेवून त्याला त्रासच होईल. मला एकदम वाटलं, गावाला न्यावं. केळीची बाग, आबा, आत्याबाई, आपली माणसं. नऊ वर्षं मी ज्याच्यासाठी झुरत होते ते सगळं मला त्याच्या उशाशी नेऊन ठेवायचं होतं. हे म्हणाले, "त्याला विचार तरी." मी विचारलं नाही. पोरांना काय विचारायचं, असं मीच म्हणाले. भाड्याची जीप केली आणि नेलं.

सुमन, तुला आठवत असेल, तुम्ही ओसरीवर त्याची खाट घातलीत, बघायला सगळं गाव लोटलं. तो सगळ्यांना नमस्कार करत होता, पाहुण्यासारखा. दुसऱ्या दिवशी त्याने मला जवळ बोलावून सांगितलं, "आई, देवपूरला चल ना. मला माझ्या खिडकीशी झोपायचंय. इथे मला कुणी ओळखत नाही." मी म्हटलं, "अरे, सगळी तुझीच तर आहेत." तो म्हणाला, "तुझी आहेत."

नेलं असतं. देवाशप्पथ नेलं असतं. पण आत्याबाईंनी सातपुड्यातल्या देवीला नवस बोलला होता, मंगळवारी वरण-बट्टीचं गावजेवण. त्या माझ्यापुढे हात जोडून म्हणाल्या, "एवढा मंगळवार होऊ दे माय, मग ने." ज्या बाईचे लाडू मी नऊ वर्षं गल्लीत वाटले तिला आणखी एक नाही म्हणवेना मला. योगूला सांगितलं, मंगळवार होऊ दे राजा. तो रोज विचारायचा, आज कुठला वार. सोमवारी दुपारी, बट्टीचं पीठ दळून आलं होतं, बायका वांगी चिरत होत्या, आणि तो गेला. मी त्याचा हात धरून बसले होते. दुसरं काही केलं नाही, करण्यासारखं काही नव्हतंच. ते पीठ मग दहाव्याला वापरलं.

गेल्या दिवाळीत तू मला विचारलंस, "ताई, आता तरी कायमच्या परत या. तिथे काय आहे तुमचं?" मला तोंडावर उत्तर देता आलं नाही, म्हणून आज हे सगळं लिहीत बसले आहे. गाव सोडून बाहेर गेलेल्या आपल्या बाकीच्यांनाही वाचायला दे. तेरावं झाल्यावर हे म्हणाले होते, धुळ्यात आता कशाला राहायचं. मलाही पटलं. खोली खाली करायला मी एकटीच पुढे आले. पोचले तेव्हा अक्का लेकीकडे गेलेली, गल्लीत कुणाला काही सांगायचा धीर झाला नाही. सकाळी भांडी पोत्यात भरत होते तर दारात भटूभाऊ. बाही वर केलेली. "चाला वहिनी, आज मना नंबर शे. पोऱ्या कोठे शे, तयार व्हयना का?"

मला सांगताच येईना. म्हटलं, "तो पुढे गेलाय," आणि त्यांच्या रिक्षात जाऊन बसले. दवाखान्यात रक्तपेढीच्या बाईंनी योगूचा कागद मागितला तेव्हा बोलावंच लागलं. भटूभाऊ माझ्या मागेच उभे होते. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, मग खाटेवर आडवे झाले, हात लांब केला आणि म्हणाले, "लावा सुई."

बाहेर बाकावर साक्रीकडची एक बाई बसली होती, मांडीवर चार-पाच वर्षांची मुलगी, ओठ पांढरे. मुलीचा गट बी पॉझिटिव्हच, आणि सकाळपासून तिला नाही म्हणून सांगितलं होतं. तिच्यासोबत कुणी नव्हतं. मी आत जाऊन सांगितलं, ह्या भाऊंच्या बदल्यातली बाटली हिला द्या. दुपारी बाटली लागली. बाईला काही कळत नव्हतं, सुई बघून मुलीपेक्षा तीच जास्त रडत होती. मी तिला सांगितलं की थेंब हळू ठेवायला सांग, थंडी वाजली तर लगेच बोलव, आणि घरी कुणी कितीही सांगितलं तरी लोखंडाचं काही देऊ नकोस. तिने डोळे पुसले, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कोठल्या शेतस, बहीन?" नऊ वर्षं कुणीही हे विचारलं की मी रावेरकडची म्हणून सांगत आले होते. "देवपूरची," मी म्हटलं, आणि तिला पाठ टेकता यावी म्हणून तिच्या मुलीचे पाय माझ्या मांडीवर घेतले.